बहात्तर हजार चौकोन

दोनशे चाळीस उभे, तीनशे आडवे.
एवढ्यात बसवायची होती भूदेवी चिलवेरी,
सिनेमात जिचं नाव स्वरूपा.
कारखानदार म्हणाले, लक्ष्मीला आता पूर्वीसारखं गिऱ्हाईक नाही,
गड्ड्याच्या जत्रेआधी हिचा वॉलपीस काढू.
मासिकातला फोटो दिला, कोपरा चहात भिजलेला.

मी ग्राफवाला.
चेहरा काढत नाही, मोजतो.
भरला चौकोन, दोरा वर.
रिकामा चौकोन, दोरा खाली.
मधलं काही नसतं.
हसू मात्र सगळं मधलंच,
त्यानं माझ्या एकोणीस रात्री खाल्ल्या.
हनुवटीवरचा तीळ चार चौकोनांचा:
तीन केले तर विणीतली चूक वाटायची,
पाच केले तर माशी.
बायको म्हणाली, लग्नाला अकरा वर्षं झाली,
माझा तीळ कुठाय सांगा.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो.

तशी ती मला आधीपासून ठाऊक.
साखर पेठेत आमच्या मागच्या बोळात
आठ-नऊ वर्षांची पोर चरख्यापाशी कांड्या भरायची.
दोरा तुटला की दातात धरून गाठ मारायची
आणि गाठीला शिवी द्यायची, तेलुगूत, बापाच्या आवाजात.
मग बापाच्या गिरणीला टाळं लागलं,
भोंगा वाजेना, लोक घड्याळं विकत घेऊ लागले,
आणि मामा तिला कोल्हापूरला घेऊन गेला.

पहिल्या पिक्चरमध्ये ती सव्वा मिनिट होती,
तीही पाठमोरी, घाटावर धुणं धूत.
गल्लीतल्या तेवीस बाया तिकीट काढून
ती पाठ बघून आल्या.
"तिचीच," आई म्हणाली, "मीच तेल लावलंय तिला."

मग कुणाची बहीण, मग नऊ वर्षं नायिका.
मग ज्याच्यावर पावसात रुसली होती
त्याच हिरोची आई, केसांना पावडर फासून.
पोस्टरवर मधून कडेला सरकली,
कडेवरून नुसतं नाव उरलं,
नाव शेवटी गेलं खळीच्या डब्याखाली.

आमचीही ऑर्डर बदलली.
नव्या हिरॉईनला तीळ नव्हता. काम सोपं.
जुनी कार्डं बंबात गेली.
त्या थंडीत तिच्या कपाळावर, गालांवर
आमच्या घरानं आंघोळीचं पाणी तापवलं.
डोळ्यांची बावीस कार्डं तेवढी
बायकोनं बाजूला काढून ठेवली.
का, ते बोलली नाही.

सत्कार झाला मे महिन्यात.
कूलर बंद, माईक शिट्ट्या मारणारा,
वक्ते तीनदा म्हणाले सोलापूरची लेक
आणि तिन्हीदा नाव कागदात बघून.
ती बासष्टची. साडी सुती, चष्मा जाड.
शाल झाली, नारळ झाला,
मग कुणाच्या माळ्यावर सापडलेला
तोच वॉलपीस हातात दिला.

तिनं तो सरळ बाजूनं पाहिलाच नाही.
उलटा केला.
फोटोवाले ओरडले, मॅडम, चेहरा इकडे!
ती अंगठा फिरवत राहिली मागच्या बाजूनं,
जिथं काळं पांढरं होतं, पांढरं काळं,
सुटे दोरे लोंबतात
आणि सव्वीस वर्षांची बाई
कुणी तरी भलतीच दिसते.
तिळापाशी नख थांबलं.
"इथं गाठ आहे," म्हणाली, माईकपासून लांब,
"कुणी मारली?"

मी चौथ्या रांगेत होतो.
गाठ विणणाऱ्याची असते, ग्राफवाल्याची नसते,
असं मनात म्हणेपर्यंत
राष्ट्रगीत सुरू झालं.

घरी आलो. बायको शेंगा फोडत होती.
म्हटलं, जरा दिव्याखाली ये.
काय झालं, म्हणाली, पण आली,
पदरातली टरफलं सांभाळत.

डाव्या कानामागे.
दोन चौकोन.